तिसरी हाक

रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये. दोन हाका जाऊ द्याव्यात, तिसरी आली तरच दार उघडावं. भुताला दोनदाच हाक मारता येते, तिसरी मारतो तो माणूस. हे आजीकडून ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळाच. बोरघाटातल्या ज्या वाडीची ही गोष्ट आहे, तिथं हा नियम जरा जास्तच कडक होता. इतर गावांत हाक मारायला फार तर एखादा वड असतो, नाहीतर पडकी विहीर. या वाडीला रेल्वेचा आख्खा बोगदा होता.

तो बोगदा असा बेवारस सुटला कसा, हे आधी सांगायला हवं. मुंबईची रेल्वे पहिल्यांदा हा घाट चढली १८६३ साली. २१ एप्रिलला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याआधी पाच वर्षं पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत गाडी धावत होती, मुंबईकडून खोपोलीपर्यंत येत होती. मधला घाट मात्र उतारूंना पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढावा लागे. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या त्या चढावर पंचवीस बोगदे खोदले, तरी डोंगराच्या एका सोंडेपुढं इंजिनिअरांची मात्रा चालेना. मग तिथं रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत यायची, इंजिन सुटून दुसऱ्या अंगाला लागायचं, आणि तोंडानं आलेली गाडी शेपटीनं पुढं निघायची. साठ-पासष्ट वर्षं हा द्राविडी प्राणायाम चालला. १९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली, नवे बोगदे खोदून मार्ग सुधारला, आणि जुनं वळण रेल्वेनं टाकून दिलं. रूळ उखडले, लोखंड गेलं. भोक मात्र उखडून नेता येत नाही. ते राहिलं.

पडीक बोगद्याला भूत चिकटायला वेळ लागत नाही. तिकडे कालका-शिमला मार्गावर बरोग नावाचं स्टेशन आहे. एका इंग्रज इंजिनिअरानं बोगदा दोन्ही बाजूंनी खणायला घेतला, दोन्ही तोंडं मधे जुळलीच नाहीत, सरकारनं त्याला एक रुपया दंड केला आणि अपमान सोसेना म्हणून त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली, असं तिथं सांगतात. अर्धवट राहिलेल्या त्या बोगद्यात साहेबाचं भूत फिरतं म्हणे. कुणाच्या वाटेला जात नाही, भला माणूस आहे. स्टेशनाला त्याचंच नाव आहे. आपल्या घाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. साहेबांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवून झाल्यावर साहेबांनीच त्याला गोळी घातली, अशी कथा. गाडीवाले अजून तिथं नाणं टाकून पुढं जातात.

वाडीच्या बोगद्यातल्या भुताला मात्र नाव नव्हतं. तो नुसता मुकादम. रात्री बोगद्याच्या पोटात उभा राहून तो हजेरी घेतो. त्याच्या वहीत जितके मजूर लिहिले आहेत तितके भरत नाहीत, म्हणून बाहेरच्यांना हाका मारतो. ज्यानं ओ दिली तो हजेरीत धरला गेला. पुन्हा घरी यायचा नाही.

ही गोष्ट वाडीनं हवेतून काढलेली नव्हती. घाटाच्या कामावर ऐन भरात, १८६१ साली, चाळीस हजारांवर माणसं राबत होती. काळ्या पत्थरात हातानं भोकं पाडायची, दारू ठासायची, बत्ती लावून पळायचं. जिथं उभं राहायला जागा नाही तिथं कड्यावरून दोरानं माणूस खाली सोडायचा आणि त्यानं लटकत पहार मारायची. वर पटकी. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत खंडाळ्याला मजुरांनी दंगासुद्धा केला. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा ठेकेदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारानं वारला. त्याची बायको ॲलिस हिनं ठेका पुरा करून दाखवला. ही नावं इतिहासात आहेत, आणि असावीत. मजुरांच्या बाबतीत इतिहासाकडे आहे तो अंदाज. तो वीस हजार मृत्यूंच्या वर जातो. यादी नाही. मुकादमाची हजेरी भरत नाही ती का, हे वाडीतल्या अडाणी माणसांनी बरोबर ओळखलं होतं, असं मला वाटतं.

आता गोष्ट.

मागं काही वर्षांपूर्वी घाटात दरडी अडवायला जाळ्या लावायचं आणि भिंती बांधायचं काम निघालं. मोठ्या ठेकेदारानं ते छोट्याला दिलं, छोट्यानं आणखी छोट्याला. शेवटच्या ठेकेदाराचा सुपरवायझर जीप घेऊन वाडीत आला आणि बारावी झालेला एक पोरगा त्यानं टाइमकीपर म्हणून उचलला. वाडीत पँटच्या खिशाला पेन लावून फिरणारा हा पहिलाच. आईला कौतुक, बापाला अभिमान, आजीला काळजी.

काम सोपं होतं. पोराजवळ दोन वह्या असत. एक पक्कं मस्टर, त्यावर चौदा नावं, अंगठे, सगळं बैजवार. दुसरी कच्ची वही, तीत खरी हजेरी आणि कुणी किती उचल घेतली ते. कामावर माणसं होती एकतीस. वरची सतरा बंगालकडून, मालदा जिल्ह्यातून आलेली. मस्टरवर घेतलं की फंड आला, विमा आला, तपासणी आली. कच्च्या वहीत त्यांची नावंही नव्हती. नावं अवघड म्हणून पोरानं त्यांना ‘मालदा १’, ‘मालदा २’ असे आकडे दिले होते.

मस्टरवरच्या चौदांना पत्र्याचं शेड होतं. मालदावाल्यांनी एक रात्र ताडपत्रीखाली काढली, दुसऱ्या दिवशी त्यांना डोंगराच्या अंगाला कोरडं, थंड, तयार छप्पर दिसलं. ते बोगद्यात राहायला गेले. त्यांना मुकादमाची गोष्ट कोण सांगणार? सुपरवायझरलाही हे पसंत पडलं. त्यानं सिमेंटच्या गोण्या आणि सळयाही तिथंच नेऊन टाकल्या.

दुसऱ्याच दिवशी वाडीत बोभाटा झाला. बोगद्यात दिवे दिसले! गुराख्यांनी पाहिले, सरपणाला गेलेल्या बायांनी पाहिले. पोरानं हे हसत हसत सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, “अरे, मग चांगलंय की. सांग, तूही बघितलेस म्हणून. सळया सुरक्षित राहतील. वॉचमनचा पगार वाचला.”

पोरानं घरी येऊन सांगितलं, मीही बघितले. नुसते दिवे नाहीत, आकडे मोजल्याचा आवाजही ऐकला. शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर उरलीसुरली शंका फिटली. माणसं बोगद्याच्या बाजूची पायवाट सोडून लांबून जाऊ लागली. मला विचाराल तर भूत तयार करायला याहून जास्त काही लागत नाही: एक अंधारी जागा, कुणाचा तरी चार पैशांचा फायदा, आणि खात्रीचा म्हणून एक साक्षीदार.

आषाढात पावसानं धरलं ते सोडेना. घाटात काम बंद पडलं. सुपरवायझरनं टेंपो आणून माणसं खाली दुसऱ्या साइटवर हलवली. मालदावाल्यांपैकी एकाला ताप होता. टेंपोत जागा नव्हती. गोळ्यांची पट्टी आणि बिस्किटांचे पुडे देऊन त्याला मागं ठेवला. दोन दिवसांनी नेतो म्हणाले.

दीडशे वर्षं जुन्या बोगद्याच्या छताचं काय सांगावं. काळा पत्थर दिसायला अभेद्य, पण त्याच्या भेगांतून पाणी उतरत असतं, आणि जिथं चुन्यात दगड बसवून कमान केलेली असते तिथला चुना वर्षानुवर्षं धुपत असतो. चालू मार्गावरच्या बोगद्याला रेल्वे ठोकून ठोकून तपासते. टाकलेल्या बोगद्याला कोण ठोकणार? त्या संध्याकाळी तोंडापासून थोड्या अंतरावरची कमान खाली आली. आवाज वाडीपर्यंत आला, पण पावसाळ्यात घाटात दगड पडल्याचं कुणाला अप्रूप नसतं.

रात्री हाक आली.

सगळ्या वाडीनं ऐकली. लांबट, घोगरी, शब्द न कळणारी. बोगद्याच्या पोटातून येणारा आवाज तोंडाशी येईपर्यंत मूळ माणसाचा राहत नाही. भिंतींवर आपटत मोठा होतो, कुठून आला तेही कळत नाही. माणसं अंथरुणात उठून बसली. कुणीतरी बोट मोडलं. एक. बऱ्याच वेळानं दुसरी आली. दोन. मग सगळ्यांनी कान दिले. तिसरी आलीच नाही. बायांनी पोरांना जवळ ओढलं, बाप्यांनी घोंगड्या डोक्यावरून घेतल्या. नियम खरा ठरला होता.

पोरगा जागाच होता. बोगद्यात कोण आहे हे आख्ख्या वाडीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. पण उठून काय सांगणार? दिवे मी पाहिले नव्हते, आकडे मी ऐकले नव्हते, साहेबानं सांगितलं म्हणून बोललो, हे बापासमोर कसं म्हणायचं? सकाळी बघू, असं म्हणून त्यानं कूस बदलली.

सकाळी तो गेलाही. बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला. आत धोंड्यांचा ढीग, वरून पाण्याची धार, पुढं अंधार. वटवाघळांचा वास. त्यानं “ए, मालदा तीन!” अशी एक हाक मारली आणि ओ यायची फारशी वाट न बघता उतरला. वाटेत रेंज मिळाली तिथून सुपरवायझरला फोन लावला.

“साहेब, तो तापाचा माणूस...”

“गेला असेल गावाला. पळतात रे हे. आपल्या मस्टरवर आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

दुसऱ्या रात्री हाक आली ती इतकी बारीक की पाऊस थोडा थांबला नसता तर आलीही नसती. एक. मग खूप वेळ काही नाही. मग एक अर्धवट कण्हल्यासारखं. ती धरायची की नाही, यावर दोन घरांत कुजबूज झाली.

आजी उठली. चुलीजवळचा तांब्या तिनं पाण्यानं भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

सून दारात आडवी झाली. “आत्याबाई, कुटं निघालाव? तिसरी हाक न्हाई आली अजून.”

“तिसरी मारायला जीव तर पायजे.”

“आये, मुकादम हाय त्यो,” मुलगा म्हणाला. “ओ दिली तर माघारी यायची न्हाईस.”

“आसंल मुकादम. आईला हाक मारतोय त्यो, मला तेवढं कळतंय. मानूस आसला तर पानी पाजीन, भूत आसलं तर पानी सोडीन. तांब्या तर त्योच लागतोय.”

इथं एक सांगितलं पाहिजे. म्हातारी काही अंधश्रद्धा निर्मूलनवाली नव्हती. भुताखेतांवर तिचा वाडीत सगळ्यांत जास्त विश्वास. दर सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्या नावानं, ती बोगद्याच्या तोंडाशी भाताचा घास ठेवून यायची. सासऱ्यानं सांगितलं होतं म्हणून. इतर लोक भुताला भीत होते. हिच्या लेखी भूत म्हणजे पाण्यावाचून गेलेला माणूस. वाडीतल्या शिकल्यासवरल्यांपेक्षा या एका समजुतीनं तिला लवकर उठवलं.

ती पाच-पन्नास पावलं गेली असेल नसेल, पोरगा मागून धावत आला आणि तिथं चिखलात उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगून टाकलं. दिवे, गोण्या, ताप, टेंपो, फोन. म्हातारीनं ऐकून घेतलं. म्हणाली, “मंग हितं काय करतूस? लायनीवर जा, मानसं आन.”

घाटात रेल्वेची एक टोळी पावसाळाभर रात्रंदिवस जागी असते. तिला हिल गँग म्हणतात; कड्यावरचे सैल धोंडे पाहून ठेवायचे, गाडीवर पडायच्या आत पाडायचे, हे तिचं काम. पोरगा अंधारात लायनीकडे पळाला. अर्ध्या-पाऊण तासात गँगमन पहारी, दोर, जॅक आणि बत्त्या घेऊन वर आले. त्यांना मुकादमाची गोष्ट माहीत होती, त्यांच्यातले निम्मे आसपासच्या वाड्यांतलेच. पण कामाला आलेला माणूस भुताचा विचार नंतर करतो.

तोवर म्हातारी एकटी ढिगाऱ्यापर्यंत पोचली होती. बॅटरीच्या पिवळ्या उजेडात तिला आधी एक हात दिसला, सिमेंटनं पांढरा झालेला. मालदावाला गोण्यांच्या आडोशाला निजला होता, तेच त्याचं नशीब. पावसाची ओल लागून गोण्या जागच्या जागी दगड झाल्या होत्या, आणि कमानीचा मोठा धोंडा त्यांच्यावर तिरका टेकला होता. छाती सुटली होती. डावा पाय खाली होता. पुड्यांतली बिस्किटं हाताच्या अंतरावर, आणि वरून गळणारं पाणी त्याच्या तोंडापासून वीतभर लांब पडत होतं.

म्हातारीनं फुलपात्र तोंडाला लावलं नाही. बोटं बुडवून ओठांवर थेंब सोडले, मग पदराचं टोक भिजवून पिळलं. त्यानं डोळे उघडले.

“नाव काय रं तुजं?”

त्यानं सांगितलं. तिला ते म्हणता येईना. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा चुकली, तिसऱ्यांदा विचारलं. तोंडात बसल्यावर मग माणसं येईपर्यंत ती तेच नाव घेत बसली, त्याचा डोळा लागू नये म्हणून. तिचा आवाज बोगद्यातून बाहेर पडून वाडीवर जात होता. वाडीतल्या माणसांनी तो ओळखला आणि एकेक जण कंदील घेऊन वर यायला लागला. धोंडा उचलायला शेवटी अठरा-वीस हात लागले.

पुढचं लवकर सांगतो. सुपरवायझर म्हणाला, हा माणूस आमचा नव्हेच, मस्टर बघा. मस्टरवर खरंच नव्हता. पोरानं कच्ची वही पुढं केली; ‘मालदा ३’, उचल रुपये पाचशे, ताप, दोन गोळ्या. त्याच दिवशी त्याची टाइमकीपरी गेली. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुराला ठेकेदारानं फोटो लावलेलं पासबुक द्यावं, त्यात नाव, कामाची जागा, मजुरी लिहावी, असा कायदा संसदेनं १९७९ सालीच केला होता. त्या सतरांपैकी एकानंही असलं पासबुक पाहिलेलं नव्हतं.

जबाब घ्यायला सरकारी माणूस वाडीत आला. पारावर बसून त्यानं एकेकाला विचारलं, “पहिल्या रात्री आवाज ऐकलात का?”

एक म्हणाला, पावसाचा आवाज फार होता. दुसऱ्याला झोप लागली होती. तिसऱ्याच्या कानाला कमी येत होतं. पोराच्या बापानं खाली बघितलं. ज्यानं बोटं मोडली होती तोही म्हणाला, काही ऐकलं नाही. भुताच्या हाकेचा प्रत्येकजण साक्षीदार होता. माणसाच्या हाकेला वाडीत एकही मिळेना.

म्हातारीची पाळी आली.

“ऐकला,” ती म्हणाली. “पयल्या रातीला मीबी ऐकला. दोन मोजल्या आन् पडून ऱ्हायले. दुसऱ्या रातीला उटले. लिवा तसंच.”

तिच्यानंतर पोरानं आपला जबाब दिला. त्यानंही काही वगळलं नाही.

कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा १९२३ सालीच झाला, आणि माणूस कामावर होता हे सिद्ध झालं की नुसतं मस्टर दाखवून ठेकेदाराला हात झटकता येत नाहीत. कच्ची वही आणि हे दोन जबाब यांवर मालदावाल्याला ती मिळाली. वेळ लागला, पण मिळाली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आदल्या रात्री आणला असता तर वाचवता आला असता, असं सर्जननं सांगितलं.